पालघट देवीची जागा

बोईसरच्या मॅडमवर मी जळते. आडपडदा कशाला ठेवू? तिचा वारली चित्रांचा क्लास आहे, हात सफाईदार आहे, बोलणं गोड आहे आणि कपाळावर ठसठशीत कुंकू आहे. मला सगळ्यात जास्त ते कुंकूच खुपतं.

आम्हा वारल्यांत लग्नाचा चौक फक्त सवाशिणींनी काढायचा. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मधोमध पालघट देवी. ती असल्याशिवाय लग्न लागत नाही. नवरा गेला आणि माझ्या हातातली रंगाची काडी सुटली. पाड्यावर माझ्यासारखा चौक कुणाला येत नव्हता, तरी रीत ती रीत.

मॅडमला कसलीच आडकाठी नाही. ती चौक ट्रेवर काढते, मगवर काढते, मोबाइलच्या कव्हरवर काढते. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टात तर वॉशबेसिनच्या मागे काढलाय. आमच्या शाळेतले आम्ही शिक्षक तिथे जेवायला गेलो होतो. कुणाच्या तरी चुळीचे थेंब वेलीवर वाळले होते. मी ते रुमालाने पुसले आणि शेजारच्या आरशात माझं पांढरं कपाळ दिसलं, तशी आणखीच चिडले.

आमच्या पाड्यावर ती एकदाच आली होती, पुतण्याच्या लग्नाला, कुणाबरोबर तरी. तेव्हा माझा नवरा होता, चौक मीच काढला होता. देवीच्या डाव्या हाताशी भिंतीत खडा निघाला, म्हणून तो हात आखूड ठेवावा लागला. मॅडमने भराभर फोटो काढले, भात खाल्ला आणि गेली. चौक कुणाच्या हातचा, हे काही विचारलं नाही.

पुढे माझी लेकच तिच्याकडे कामाला लागली, पाड्यावरच्या आणखी काही पोरीही. घरी आली की मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं करतात. मी शिकवायला बसले की म्हणायची, "आये, तुजं लय बारीक असतं. एवढा टाइम नाय." तिच्या हाताला माझं वळण यायचं, ते मॅडमचं आलं. सवतीमत्सर आयुष्यात कधी वाट्याला आला नव्हता, तो असा आला.

यंदा लेकीचं लग्न ठरलं. चौक काढायला क्लासमधल्या दोघी मैत्रिणी आल्या, दोघी नव्या सवाशिणी. मी उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसले. पोरींचे हात झरझर चालत होते. वेली, साखळ्या, किनार, सगळं पट्टीने आखल्यासारखं. मला कौतुक वाटलं आणि कौतुक वाटल्याचाही राग आला.

चौक झाल्यावर लग्न लावणारी आमची म्हातारी धवलेरी आली. रीतीप्रमाणे चौकावर झाकलेलं कापड दूर केलं आणि गाणं धरायच्या आधीच थांबली.

"देव कुटं हाय?"

मधला चौकोन कोरा होता.

"तिथं फोटो येतो," एक पोर म्हणाली. क्लासमध्ये मधली जागा गिऱ्हाइकाच्या फोटोसाठी सोडतात. पोरींना तेवढाच चौक माहीत.

मी ओट्यावरून सांगायला तोंड उघडलं. हळद लागलेली लेक मध्येच म्हणाली, "आये, आज तू नको बोलू यात. मॅडमना इचारते." विधवेने शुभकार्यात पुढे होऊ नये, हे तिला मीच शिकवलं होतं.

मॅडमने लगेच फोटो पाठवला. दोघी उंबऱ्याजवळच्या उजेडात फोनवर वाकल्या. मीही मान उंच करून पाहिलं. पालघट देवी, डावा हात आखूड.

"मॅडमची देवी भारी हाय," मैत्रीण म्हणाली. "पन ह्यो हात चुकलाय."

लेकीने पुन्हा फोन लावला. मॅडम म्हणाली, सरळ करा. पोरींनी कोऱ्या चौकोनात देवी काढली, हात सरळ केला. धवलेरीने गाणं धरलं आणि माझ्या लेकीचं लग्न लागलं, मॅडमच्या देवीसमोर.