भाचीच्या लग्नातल्या मंगलाष्टका

माझ्या थोरल्या भावाला गाण्यातलं काही कळत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला माणसांतलंही कळत नाही, त्याचा मला राग आहे.

लग्नांत मंगलाष्टका म्हणणं हा माझा धंदा. आधी ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी म्हणत होते. नवरा गेला आणि मी मंगलाष्टकांवर आले. परभणीपासून गंगाखेडपर्यंत कितीतरी जोडपी माझ्या आवाजावर संसाराला लागली. सुपारी देऊन आणलेल्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र आहे का, हे कुणी बघत नाही.

भाचीचं लग्न ठरलं, ताडकळसला. मांडीवर बसवून मीच तिला पहिला सूर लावायला शिकवलं होतं. तिच्या मंगलाष्टका मीच म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. साडीसुद्धा घेतली. तेवढ्यात भाऊ घरी आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "तू नको म्हणूस. पावणे नावं ठेवतील. शुभ कामाला तुजं असं... बरं दिसत न्हाई. मी परभणीची गाण्याची पार्टी सांगितलीय."

"लोकायच्या पोरींला माजा आवाज चालतो, आन तुज्या पोरीला बाधतो व्हय?"

"त्यायला ठाव न्हाई. आमाला ठाव हाय."

निर्लज्ज कुठला! त्या उत्तराचा मला अजून संताप येतो.

लग्नात मी बायकांच्या मागच्या रांगेत अक्षता घेऊन उभी राहिले. स्टेजवर गजरा माळलेली एक नवी मुलगी होती. गाणं सुरू झालं आणि माझी मूठ सैल पडली. आवाज माझा होता. या पार्टीच्या मालकाशी भांडून मी काम सोडलं होतं. त्याआधी त्यानं 'सरावापुरतं' म्हणून माझं रेकॉर्डिंग करून घेतलं होतं. त्या दिवशी मला सर्दी होती, 'सावधान' म्हणताना आवाज चिरकला होता. आताही तिथेच चिरकला. ती चोरटी नुसते ओठ हलवत होती, आणि माझा भाऊ डोळे मिटून मान डोलवत होता.

पंगती बसल्यावर मी त्याला गाठलं. "कसा व्हता आवाज?"

"लय गोड. असं शुभ वाटलं बग!"

"माजाच व्हता. पेन ड्राईव्हवर वाजविला तुज्या पार्टीवाल्यानं."

त्याचं तोंड उतरलं. त्यानं आधी व्याह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुणाला बोलू नको. तुला माज्या पोरीची शपथ हाय."

पोरीची शपथ मला मोडवली नसती. मी कुणाला काही बोलले नाही. सरळ स्टेजवर गेले, त्या मुलीच्या हातातला माईक काढून घेतला आणि शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हटलं, यावेळी न चिरकता. पंगतीत घास थांबले. भाऊ खाली मान घालून वाढत राहिला.

भाची मुंडावळ्या सावरत धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "आत्या, मघाशी बी तूच व्हतीस की!"

माईक चालूच होता.