देवीच्या वाट्याची खुर्ची

अंबाजीबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. त्याचं आडनावसुद्धा मला ठाऊक नाही. मी मूळचा तळा गावचा, डोंगराकडचा. निवृत्त झाल्यावर श्रीवर्धनच्या अलीकडे एका कोळीवाड्याला लागून घर घेतलं, म्हणून तो शेजारी. त्याच्या होडीत मी कधी बसलो नाही. दिघीच्या फेरीबोटीतही मला मळमळतं, तिथे होडीचं काय सांगता. जे पाहिलं ते किनाऱ्यावरून, आणि बरंचसं आमच्या कुंपणावरून.

अंबाजी एका लहान होडीचा तांडेल होता, म्हणजे समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा. घरात त्याच्या बायकोचा, नीराबाईचा. नामा आणि विनेश हे त्याचे खलाशी. होडी किनाऱ्याला लागली की वाळूवर मासळीचे वाटे पडत. होडीचा, जाळ्याचा, तिघा माणसांचे आणि एक लहानसा देवीचा. मग नामा वाट्यांकडे पाठ करून उभा राही. अंबाजी एकेका वाट्याला बोट लावून विचारी, "हा कुणाचा?" नामा न बघता नाव घेई. त्यावर कुणी कुरकुरायचं नाही, असा नियम.

जाळ्यात प्लास्टिकही येई. ते परत समुद्रात टाकायचं, असंच सगळे करत. एकदा एक निळी खुर्ची आली. पाय तीनच, पाठीवर कुठल्याशा मंडपवाल्याचं अर्धं नाव. विनेशने ती फेकली. ती पुन्हा जाळ्यात आली. पुन्हा फेकली. विनेश म्हणाला, तिला आपली होडी आवडलेली दिसते.

त्याच सुमारास नीराबाईने शिंगाळा मासा कापला, तर त्याच्या पोटात शाम्पूची पुडी निघाली. तिने ती धुतली आणि अंबाजीच्या ताटात भाताशेजारी वाढली. हे तिने स्वतःच माझ्या बायकोला सांगितलं, हसत हसत. अंबाजीला मात्र जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटे पडले तेव्हा प्रत्येक वाट्यात बांगडे होते, आणि बांगड्यांच्या शेजारी बाटल्या, पिशव्या, जाळ्याचे तुकडे.

"मासळीला या कचऱ्यातला तिचा वाटा रोज मिळतो," अंबाजी म्हणाला. "आपलाच तेवढा आपण परत धाडतो. आजपासून न्हाय."

नामाच्या वाट्याला एक चप्पल आली होती. तिचं कालवण कसं करायचं, असं त्याने विचारलं. अंबाजीने सांगितलं की जपून ठेव, दुसऱ्या पायाची आली की घाल.

कुंपणावरून आम्हाला दोन बांगडे मिळायचे, त्यांच्याबरोबर आता एखादं झाकणही येऊ लागलं. माझी बायको दोन पातेली घेऊन जायला लागली.

पण वाड्यात हसू झालं आणि खलाशी वैतागले. दुसऱ्या होडीवर जातो म्हणाले. अंबाजीला एकट्याने जाळं ओढणं शक्य नव्हतं. ते दोघे गेले की होडी कायमची वाळूवर, हे त्यालाही कळत होतं. तेवढ्यात खुर्ची पुन्हा आली. अंबाजीने तिच्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कुणाचा?"

"देवीचा," नामा म्हणाला, आणि वळून पाहिल्यावर त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "तांडेल, देवीने हा घेतला तर आम्ही पण आमचा घेऊ. न्हाय घेतला, तर उद्यापासून आम्ही न्हाय."

अंबाजीने खुर्ची डोक्यावर घेतली आणि देवळाच्या अंगणात नेऊन ठेवली. देवस्थानचे अध्यक्ष दिनानाथकाका संतापले. त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बोलावलं. काकांचं वजन भरपूर आणि गुडघे दुखरे. देवळातल्या खुर्च्या नेमक्या कुणाच्या साखरपुड्याला गेलेल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, निळी खुर्ची ओढली, चौथ्या पायाच्या जागी जांभ्याचा चिरा लावला आणि बसले. देवीच्या दारात कचरा खपवून घेणार नाही, यावर ते पुष्कळ बोलले. मान डोलवता डोलवता मागे रेलूनही बसले.

सगळं ऐकून झाल्यावर अंबाजीने हळूच विचारलं, "काका, बसायला बरी हाय ना?"

"बरी आहे की," काका म्हणाले, आणि मग खाली बघत राहिले.

"घेतला देवीने," म्हणत पहिला नामा हसला. मग काकाही, नाइलाजाने. सकाळी दोघे खलाशी कचऱ्यासाठी आपापलं पोतं घेऊन होडीवर हजर होते. ती पोती पुढे ग्रामपंचायतीच्या गाडीतून जाऊ लागली. खुर्ची मात्र काका कुणाला हलवू देत नाहीत.

गेल्या गणपतीनंतर अंबाजी झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी तो नेहमीसारखा पिशवी घेऊन कुंपणाशी आला होता.

"नाना, आज दोन बांगडे आणि एक कंगवा."

"कंगवा मला? डोक्यावर केस कुठे आहेत, अंबाजी?"

"तुमच्या वाट्याला आला, त्याला मी काय करू. पिशवी तेवढी रिकामी करून द्या."

"देतो," मी म्हणालो, आणि दिली.