मामा विनोद समजावून सांगतात

विनोद सांगून हसवणारे पुष्कळ भेटतात. विनोद समजावून सांगून हसणाऱ्यांना गप्प करणारा माणूस मात्र साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच, माझ्या बायकोचे आटपाडीचे मामा. फौजेत हवालदार होते. रिटायर झाले, मिशा तशाच राहिल्या, आणि शिकवायला पलटण उरली नाही म्हणून आम्ही सापडलो. कुणी हसला रे हसला की मामा विचारणार, "का हसला?" आता ह्याला काय सांगणार, कपाळ! मग तेच सुरू करणार. "म्हस गोठ्यात हाय. हसू येतं? न्हाई. तीच म्हस सत्काराच्या स्टेजवर चढली. आता? म्हशीत काय चूक न्हाई, स्टेजात बी न्हाई. दोगांची जोडी जुळंना, म्हून हसू. ह्याला विसंगती म्हनत्यात, जावईबापू." हे मी साखरपुड्यात ऐकलं, बारशात ऐकलं. थकलो हो! मेव्हण्याच्या लग्नात नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर घसरला, मांडव खो खो हसत सुटला, तर मामांनी माईक घेऊन कारण सांगितलं. पुढच्या मंगलाष्टका शोकसभेसारख्या झाल्या. एकट्या मामी हसायच्या, त्याही मामांच्या समजावण्यालाच. "आवं, पुरं करा की," म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून आणखी हसायच्या.

यंदा मामींना अर्धांगाचा झटका आला. सांगलीच्या दवाखान्यात जीव वाचला, पण वाचा गेली. आपल्याकडे बघतात की भिंतीकडे, तेही कळेना. ओळखीचं काहीतरी बोलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. झालं! रोज सकाळपासून म्हैस स्टेजवर. मी डबा घेऊन जायचो आणि कंटाळून स्टुलावर बसायचो. मामी हसत नव्हत्या. एकदा जिन्यात मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, ती हसली न्हाई तर मी आता सांगू कुनाला वो?" मी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि त्यांच्याबरोबर पायऱ्या चढलो.

परवा दुपारी गेलो, तर मामा मामींची वेणी घालत होते. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मामींचा मोठा गुलाबी चाप त्यांनी आपल्याच पांढऱ्या केसांत खोचला होता. वेणी झाली, चाप राहिला तिथंच. त्याच अवतारात मिशीला पीळ देऊन मामा खाटेसमोर ताठ उभे राहिले. "आता नीट ऐक. विसंगती म्हंजी काय..."

मामींची नजर वर गेली. ओठाची एक बाजू हलली. घशातून खुर्र असा आवाज आला, डोळे भरले, खांदा गदगदायला लागला. अर्ध्या तोंडानं का होईना, बाई हसत होती!

मामा आधी घाबरले, मग रडायलाच लागले. "हसली! आवं, हसली की! पर मी तर अजून काय सांगितलंच न्हाई. का हसली वो?"

"कुणास ठाऊक, मामा," मी म्हणालो. "तुम्ही सांगा पुढं."

मामांनी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चाप काढायला मी काही उठलो नाही.