हिरव्या शाईची चिठ्ठी

ज्याला बोलायला माणूस मिळत नाही, त्याच्याकडे किस्से साचतात. अमरावतीच्या आमच्या सिनेमा मंडळाचे माझ्याकडे इतके साचलेत की कुणाच्या तरी गळ्यात टाकल्याशिवाय सुटका नाही. तुम्ही सापडलात, ऐका!

मंडळात सात म्हातारे आणि मी. मी वीस वर्षांचा, कॉलेज सोडलेला, घर छप्पन साली बौद्ध झालेलं. पहिल्याच दिवशी अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, "आम्ही इथे जात बघत नाही हं!"

मी विचारलंच नव्हतं.

*

मंडळाची एक पद्धत होती. डिटेक्टिव्ह सिनेमा असला की इंटरव्हलला प्रत्येकानं खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या वाचायच्या मी. माझा आवाज मोठा!

एकदा स्वातंत्र्याच्या आधीचा एक सिनेमा लावला. बंगल्यात मालकाचा खून. सातही म्हाताऱ्यांनी लिहिलं, 'नोकर'. शेवटी निघाला मालकाचा सख्खा भाऊ!

मंडळातले रिटायर्ड हेडमास्तर भडकले. "ही शुद्ध फसवणूक आहे प्रेक्षकांची!"

*

त्याच सिनेमाचं परीक्षण मी मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी लिहिलं. गुप्तहेर भावाला चहा घेत घेत प्रश्न विचारतो. नोकराला आधी थोबाडीत, मग प्रश्न. गिरणीतला युनियनवाला पडद्यावर आला की ढोल वाजतात, जसा काही वाघच घुसला! टायटलात सगळ्यांना नावं, नोकर नुसता 'नोकर'.

वकीलसाहेबांनी अर्धं पान हिरव्या शाईनं खोडलं. हिरवी शाई वापरणारे मंडळात ते एकटेच. समासात शेरा: 'सिनेमात राजकारण आणू नये.'

"साहेब, मी कुठं आणलं? ते तिथंच होतं!"

शेंदूरजनाघाटचे संत्रेवाले बापूसाहेब पोट धरून हसले. "कोन्या पार्टीचा आहे बे तू?"

खोडलेल्या जागी हेडमास्तरांनी सिनेमातल्या गाण्यांची यादी चिकटवली.

*

माझ्या बाजूची खुर्ची कायम रिकामी. म्हणजे माणूस नसायचा. टोप्या, छत्र्या, कोट तिथंच ठेवायचे सगळे. दोन वर्षं मी टोप्यांच्या शेजारी बसून सिनेमे पाहिले.

घरी माय विचारायची, "तुले तिथं कोन वयखते बापा?"

"सारेच वयखतात!" नसलेली ओळख मी ठोकून द्यायचो.

*

एका शनिवारी सिनेमा संपला, दिवे लागले आणि वकीलसाहेब ओरडले, "माझं पेन! इथंच, कोटाजवळ ठेवलं होतं!"

सातही जणांनी आधी खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मले काहून पाहून राहिले?" मी विचारलं.

"अरे, गंमत करू!" बापूसाहेब म्हणाले. "टाका चिठ्ठ्या! चोर कोन?"

म्हातारे खूश! हेडमास्तरांची पेन्सिल हातोहात फिरू लागली. तिची वाट न पाहता वकीलसाहेबांनी कोट चढवला, घाईघाईनं काहीतरी खरडलं आणि आपली चिठ्ठी सगळ्यांच्या आधी टोपीत टाकली सुद्धा.

टोपी माझ्यापुढे आली. एक तरी चिठ्ठी कोरी निघावी, एवढंच मनात होतं.

पहिली उघडली. दुसरी. सहाही पेन्सिलीनं लिहिलेल्या, सहांवर एकच नाव. मी ते सहा वेळा मोठ्यानं वाचलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच कळलं, सगळ्यांना माझं नाव येतं!

टोपीच्या तळाशी सातवी होती. तिच्यावरही तेच नाव. ती मात्र मी वाचली नाही; तशीच उघडून वकीलसाहेबांच्या डोळ्यांपुढे धरली.

हिरवी शाई अजून नीट वाळलीही नव्हती.