पेटीचा भाता

आज पेटीचं खोकं उघडलं, आतल्या कापराचा वास आला आणि वरवट बकाल या आमच्या गावच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. लकव्यानं बाबांचा डावा हात गेला होता. आयुष्यभर भजनात पेटी वाजवलेला माणूस, पण आता पेटीकडे पाठ करून बसायचा. समोरच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला होता. त्यालाच रेलून बसलेल्या बाबांपुढे मी मोबाईल धरला. त्यात परदेशातला एक मोठा जॅझ पियानोवादक होता. आधी काहीच न ठरवता तो स्टेजवर एकटा बसायचा आणि सुचेल ते तासभर वाजवायचा. त्याचाही डावा हात लकव्यानं गेला, तरी नुसत्या उजव्या हातानं तो वाजवत होता. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. "हा त आलापच करून राह्यला बाप्पा," ते म्हणाले आणि एकदम चिडले, "पण त्याले भाता नाही मारा लागत. मले लागते!" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उठले, पेटी ओढत आणली, बाबांच्या डाव्या अंगाला खेटून बसले आणि डाव्या हातानं भाता धरला. "मग भाता मी मारते. तुम्ही वाजवा." पहिला सूर किंचाळलाच. "हळू! सायकलचा पंप हाये का तो?" बाबा ओरडले, पण पट्टीवरचं बोट त्यांनी उचललं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं एकच अभंग घोळवत बसलो. आता बाबा नाहीत. त्यानंतरच्या कित्येक संध्याकाळी भाता मारायला लावून माझा डावा हात त्यांनी तयार करून ठेवलाय. उजव्याला आजपासून मीच शिकवणार आहे.