गुडघ्यावरची कुर्ली

भांडुपच्या श्रुतिका परबचं टॅटूचं दुकान तिच्या हातामुळे चालतं, असं ती समजते. गिऱ्हाइकं समजतात, गुणाजींमुळे. गुणाजी म्हणजे तिचे बाबा. लेकीने मशीन सुरू करायच्या आधी ते उठतात, हात जोडतात आणि देवाला खणखणीत मालवणी गाऱ्हाणं घालतात. खुर्चीतल्या माणसाने "होय म्हाराजा" म्हणायचं. की गोंदलेलं फळतं म्हणे. मनगटावर विमान काढून घेतलेल्या पोरीला सांताक्रूझला विमानतळावर नोकरी लागली, तेव्हापासून तर विचारायलाच नको. श्रुतिकाला हे सगळं नाटक वाटतं. पण दुकान भरतं, म्हणून गप्प बसते.

शुक्रवारी मानसी आली. कबड्डी खेळणारी, चढाईला जाणारी. गेल्या वर्षी तिचा गुडघा निखळला होता. डॉक्टर म्हणत होते बरा झाला, पण मॅटवर उतरली की पाय मधल्या रेषेशीच थिजायचा. आणि रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड. तिला गुडघ्यावर कुर्ली, म्हणजे खेकडा, हवी होती. कुर्ली तिरकी पळते, हाती लागत नाही.

श्रुतिकाने मशीन खालीच ठेवलं. ताजं गोंदण मॅटवर घासलं तर वाट लागेल, पंधरा दिवसांनी ये म्हणाली.

"पंधरा दिवसांनी काय गं, प्रेक्षकांत बसू?" मानसीचा आवाज फाटला.

श्रुतिकाने नुसतं पेन उचललं आणि झकास कुर्ली काढली. घामाने जाईल, हे आधीच बजावलं.

आता प्रश्न आला गाऱ्हाण्याचा. पेनाला गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. गुणाजींनी डोकं खाजवलं आणि उठले.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या चेडवाच्या गुडघ्यात बळ घाल. शाई कच्ची हा, तेवढा सांभाळून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." हे मानसीच्या आधी श्रुतिकाच म्हणून गेली.

रविवारी संध्याकाळी मानसी दारात. गुडघा खरचटलेला, कुर्ली गायब. पहिल्या चढाईत ती पकडली गेली होती. दुसरीला खाली पाहिलं, तर कुर्लीची नांगीच तेवढी उरलेली. ती पुसायच्या आत उरकू, म्हणून जी सुटली ती दोघींना बाद करूनच परतली. निवड झाली होती.

श्रुतिकाने खूश होऊन मशीन हातात घेतलं. "बस, आता पक्की काढते."

"नको गं. पक्की असली तर मी घाई कशाला करेन?"

मानसीच्या मागे अख्खा संघ उभा होता, ट्रॅकपँटी गुडघ्यांच्या वर सरकवून. सुई एकीलाही नको होती. श्रुतिकाने कपाळाला हात लावला; गुणाजी घसा खाकरून कधीच उभे राहिले होते.