दीर्घायुष्याची प्रार्थना

माझ्या आजीला सगळे देवमाणूस म्हणतात. शांत, सोशिक, कुणाचं वाईट न चिंतणारी. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आजी देवाची होती यात वाद नाही, पण सोशिक? तिने एका माणसाला वर्षानुवर्षं, दर रविवारी, चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर भाजून काढलं, तेही हात जोडून. मी तिच्या हाताखाली वाढले आणि तिचा राग माझ्याकडे आला. नाक मात्र आजोबांचं आलं.

आजी पहिलीच्या वर्गाला शिकवायची. खडू ओला करून लिहायची, म्हणजे अक्षर ठसठशीत उमटायचं आणि पुढच्या बाकावरच्या पोरांच्या नाकात भुकटी जायची नाही. एक ओळ लिहिली की वर्गाच्या शेवटी जाऊन उभी राहायची आणि तिथून वाचून बघायची. नीट दिसलं नाही तर पुसून पुन्हा. "मागे बसणाऱ्याने काय पाप केलंय?" म्हणायची. पहाटे उठून बायबल वाचायची, मग गीतं म्हणायची, बेसूर पण खणखणीत. आजोबा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. बायकोचा आवाज झाकायला ते जरा जास्तच जोरात वाजवतात, अशी मंडळीत बोलवा होती. आजोबांनी ती कधी नाकारली नाही.

तिच्या सुंदर अक्षरानेच तिचा घात केला. शाळेतल्या सगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिका तिच्याकडे यायच्या. शिक्षक कच्चं लिहून द्यायचे, आजी ते स्टेन्सिलवर उतरवायची, मग शिपाई यंत्राचा दांडा फिरवून प्रती काढायचा. गठ्ठे सेक्रेटरीच्या खोलीतल्या कपाटात आणि किल्ली सेक्रेटरीच्या खिशात.

हा सेक्रेटरी म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेचा सर्वेसर्वा आणि चर्चमधल्या पहिल्या बाकाचा मानकरी. कपडे इतके कडक की पोरं त्याला 'इस्त्री' म्हणायची. आजी शेवटपर्यंत त्याला अहो-जाहो करत राहिली. मी करणार नाही.

एका वर्षी वरच्या वर्गाची गणिताची प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच फुटली. इस्त्रीने सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि फुटलेली प्रत वर धरली.

"हे अक्षर कुणाचं आहे, ते मी सांगायला नको."

"अहो, सगळ्याच प्रश्नपत्रिका माझ्या अक्षरात असतात," आजी म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी!"

यावर शिक्षकांच्या त्या खोलीत एकही जण हसला नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले आणि इस्त्रीने शिपायाला पंखा वाढवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजीचा वर्ग काढून घेतला आणि नकाशे, मोडका पृथ्वीगोल नि जुनी बाकं ठेवायच्या खोलीत तिला बसवलं. निवृत्त होईपर्यंत ती तिथेच बसली. भिंतीपलीकडे तिची पहिली दुसरंच कुणीतरी शिकवत होतं आणि त्या बाईंचे उच्चार ऐकून आजी इकडे दातओठ खात होती. चर्चमध्ये तर बाकावरच्या बायका तिला जागा देण्याच्या निमित्ताने जरा जास्तच सरकायच्या.

मग ती निवृत्त झाल्यावर एके दिवशी इस्त्रीचा पुतण्या आमच्या घरी आला. तो शाळेतच कारकून होता. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडला. काकाच्या खिशातली किल्ली त्यानेच काढली होती, प्रश्नपत्रिका त्यानेच मित्राला दिली होती आणि काकाला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आजीने त्याला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं आणि घरी पाठवलं.

संध्याकाळी काका हजर.

"बाई, झालं गेलं विसरून जाऊ. आपण तुमचा मोठा सत्कार करू, सगळ्या शाळेसमोर."

"सत्कार नको. ज्या तोंडाने मला चोर म्हणालात, त्याच तोंडाने मंडळीसमोर सांगा की मी ते केलं नाही आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. मग माझं मिटलं."

"अहो, पोराची नोकरी जाईल. घराण्याची अब्रू आहे."

"माझी अब्रू जात होती तेव्हा तुम्ही पंखा वाढवायला सांगितलात. उकडत होतं तुम्हाला."

तो गेला. त्या रविवारपासून सुरू झालं.

आमच्या चर्चमध्ये प्रवचनानंतर खुली प्रार्थना असते. ज्याला वाटेल त्याने उभं राहावं आणि कुणासाठीही मोठ्याने प्रार्थना करावी, मध्ये कुणी बोलायचं नाही. आजी उठली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचवायची त्या आवाजात म्हणाली, "प्रभू, आमच्या सेक्रेटरीसाहेबांना दीर्घायुष्य दे. त्यांचं एक काम राहिलं आहे. ते झाल्याशिवाय त्यांना नेऊ नकोस. आमेन."

सगळ्यांनी आमेन म्हटलं, इस्त्रीलाही म्हणावं लागलं. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. लोक विचारू लागले, "साहेब, कुठलं हो काम?" तो सकाळच्या उपासनेऐवजी संध्याकाळच्या उपासनेला जाऊ लागला. आजीही संध्याकाळी जाऊ लागली. त्याला न्यूमोनिया झाला आणि तो बरा होऊन आला, तेव्हा आजीने उभं राहून इतक्या आनंदाने देवाचे आभार मानले की त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी शेजारी बसून गालातल्या गालात हसत होते. इतकं सुख मला कुठल्याच सुट्टीत मिळालं नाही.

शेवटी चर्चचे पाळकसाहेब समजूत घालायला घरी आले. "आजी, हा सूड झाला. सूड घेणं देवाचं काम आहे."

"मला ठाऊक आहे," आजी म्हणाली. "त्याला बाकीची कामंही पुष्कळ असतात. मी फक्त आठवण करून देते."

पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि टोपी उचलली.

पण देवाने दीर्घायुष्य दिलं ते फक्त त्यालाच. आजीने अंथरूण धरलं. तिला आता एकच ऐकायचं होतं आणि मलाही तिच्यासाठी तेच हवं होतं. तो आला, काठी टेकत. खोलीचं दार त्याने स्वतः लावून घेतलं आणि तिच्या कानाशी वाकून पुटपुटला, "बाई, तुम्ही नव्हतात. मला माहीत होतं."

आजीने डोळे उघडले. "दार उघड गं," ती मला म्हणाली. "खिडकीही उघड. शेजारच्या मावशींना बोलाव. हं, आता म्हणा साहेब, मोठ्याने."

तो काठी घेऊन उठला आणि निघून गेला. त्याच आठवड्यात आजी गेली. तिने ते ऐकलं नाही, जसं ऐकायचं होतं तसं नाहीच.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. तिच्या हाताखालून गेलेली म्हातारी माणसंसुद्धा आली होती. पाळकसाहेबांनी दोन शब्द बोलायला बोलावलं आणि इस्त्री पुढे गेला. बाई कशा थोर, कशा प्रेमळ, हे सांगून त्याने रुमाल काढला. "आमच्यात मतभेद होते. पण बाईंचं मन मोठं. त्यांनी मला क्षमा केली."

मी उभी राहिले. आईने माझी ओढणी खेचली, ती मी तिच्याच हातात सोडली.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

तो पाळकसाहेबांकडे बघू लागला. पाळकसाहेब शवपेटीवरच्या फुलांकडे बघू लागले.

"कशाबद्दल क्षमा केली, साहेब? सांगा ना."

त्याने सांगितलं. आधी अडखळत, मग सगळंच. किल्ली, पुतण्या, पहिल्या आठवड्यापासून ठाऊक असणं. एकदा त्याचा आवाज खाली गेला, तर मी म्हटलं, "मागे ऐकू येत नाही." त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आणि मग काय झालं माहीत आहे? तो खाली उतरला तशी माणसं त्याच्याभोवती जमली. "केवढं धाडस!" "या वयात, सगळ्यांसमोर!" कुणी पाठ थोपटतंय, कुणी हात धरतंय. आजी पेटीत पडलेली आणि मोठ्या मनाचा ठरला हा!

त्या गर्दीतून वाट काढत तो माझ्यापाशी आला. हात पुढे केला. डोळे खरेच ओले होते, ते मी पाहिलं.

"पोरी, त्यांनी सांगितलं तसं केलं मी. आता मिटलं ना?"

आजी असती तर तिने तो हात हातात घेतला असता. तिचा शब्द होता, आणि तिने शब्द कधी फिरवला नाही. मी माझे दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आजीचं मिटलं," मी म्हटलं. "माझं नाही."